रांगेत

सांदूरच्या लोकर-गिरणीतून
सकाळी सहालाच मार्युनचा फोन :
"बिलं जात नाहीत. ये."
मी बोटींची इंजिनं बघणारी बाई,
पण या बेटावर ज्याला पान्हा धरता येतो
त्याच्याच गळ्यात सगळं पडतं.

कॉम्प्युटर रंगाच्या पिंपांमागे.
लिनक्सवाला, अकरा वर्षांचा,
पंख्याच्या जाळीत लोकरीचा बोळा.
पडद्यावर सारं काही "पाठवलं"च्या कप्प्यात,
तारीखवार, निवांत.
त्या कप्प्यावर विश्वास ठेवायचा नसतो.
मी काळी खिडकी उघडली
आणि रांग मागवली.

एक्केचाळीस.
एक्केचाळीस पत्रं उंबऱ्याच्या आतच उभी,
आणि प्रत्येकाखाली तीच ओळ :
पंचवीस नंबरच्या दारावर हाक मारली,
वाट पाहिली, वेळ संपली.
नकार नाही.
नकार मिळाला तर बरं असतं,
त्याच्यामागे निदान कारण असतं.

घोडं कुठं पेंड खातंय?
केबल ठीक. नावांचे पत्ते ठीक.
फायरवॉल पाच मिनिटं पाडून पाहिली, ती निर्दोष.
मग मार्युनला आठवलं :
सोमवारी तो पोरगा नवी फायबर जोडून गेला.
आणि त्याच्या कंपनीनं
पंचवीस नंबर बंदच ठेवलेला,
सगळ्यांसाठी, कुणाला न सांगता.

स्टुलावर हानुस रंगारी.
कोपरापर्यंत निळा.
"तुझं चालू दे," म्हणाला, आणि स्वतःच बोलत राहिला.
"येग्वनला लिहिलं सोमवारी. एस्बियर्गला.
बापाच्या कुरणाचं.
चार दिवस झाले, हूं नाही की चूं नाही.
भाऊ कसला! लहानपणापासून असाच.
काल दुकानात सगळ्यांसमोर
मी त्याला चोर म्हणालो."

माझं बोट सव्विसाव्या ओळीवर थांबलं.
हानुसकडून येग्वनला.
अडीच किलोबाइट. सोमवार, दुपारी दोन वाजून दहा.
पाच दिवस हे यंत्र पुन्हा पुन्हा हाका मारतं,
मग हार मानून पत्र परत देतं.
म्हणजे उद्या दुपारी.

तेव्हा काही बोलले नाही.
आधी दुसरं दार : पाचशे सत्त्याऐंशी,
तिथं नाव आणि पासवर्ड लागतो.
चौकोनी कंस घालायला विसरले, दहा मिनिटं गेली.
मग ओळखपत्र दाखवायची रीतच त्याला येईना,
एक लहानसं पॅकेज कमी.
ते घातलं. स्वतःलाच एक ओळ पाठवली,
"आहेस का?"
खिशात फोन थरथरला.

मग हानुसला सांगितलं.
त्यानं हात ॲप्रनला पुसले,
निळा काही निघाला नाही.
"म्हणजे त्याला माहीतच नाही?"
"नाही."
"काहीच?"
"पत्र या खोलीबाहेर गेलेलंच नाही, हानुस."

यंत्राला एक आज्ञा कळते :
हे एवढं धरून ठेव.
सव्विसावं धरलं, बाकीची चाळीस सोडली.
लॉग धावू लागला, धबाधबा,
मार्युननं पहिल्यांदा कॉफी ओतली.

हानुस माझ्या खुर्चीत बसला.
मला म्हणाला, तोंड तिकडे कर.
दोन बोटांनी, अक्षर शोधत, थांबत,
फार तर तीन ओळींचा आवाज.
"जुन्याचं काय करू? पुसू?"
"असू दे. राहू दे तिथंच."
का ते विचारलं नाही.
एंटरवर अजून निळा डाग आहे.

लॉगमध्ये त्याची ओळ आली : दोनशे पन्नास.
"याचा अर्थ काय?"
"ठीक आहे, असा."
"कोण म्हणतंय? येग्वन?"
"नाही. डेन्मार्कातलं एक मशीन.
घेतलं म्हणतंय. वाचलं असं नाही."

त्यानं टोपी घातली.
पिंपाचं झाकण उचलून आत पाहिलं,
लोकर ढवळली.
"चला," म्हणाला, "मशीन तरी बोललं."